मतनिर्णय (पिंपळवंडी व जुन्नर-आंबेगाव परिसर)

मतनिर्णय : मतदानाला जायचे की नाही आणि गेल्यावर कोणासमोरचे बटण दाबायचे, हे मतदाराच्या मनात ठरण्याची प्रक्रिया. राज्यशास्त्रात तिचा अभ्यास 'मतदानवर्तन' या नावाने होतो. प्रस्तुत नोंद पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील पिंपळवंडी आणि भोवतालचा जुन्नर-आंबेगाव परिसर यांच्यापुरती आहे. पिंपळवंडी हे कुकडी खोऱ्यातले, पुणे-नाशिक महामार्गालगतचे, आळेफाट्याजवळचे बागायती गाव. कांदा, टोमॅटो, ऊस आणि दूध यांवर घर चालते. वस्ती गावठाणात कमी आणि मळ्या-वाड्यांतून जास्त. गाव जुन्नर विधानसभा (क्र. 195) व शिरूर लोकसभा (क्र. 36) या मतदारसंघांत येते. 2008 च्या पुनर्रचनेपूर्वी लोकसभेचा हा मतदारसंघ खेड या नावाने ओळखला जाई.

पिंपळवंडीचे शरद सोनवणे यांच्या तीन निवडणुका एकापुढे एक मांडल्या, तर येथील मतनिर्णयाचा स्वभाव लगेच ध्यानात येतो. 2014 मध्ये ते महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या तिकिटावर जुन्नरमधून निवडून आले. त्या वर्षी राज्यभरात मनसेचा निवडून आलेला हा एकच आमदार. 2019 मध्ये ते शिवसेनेकडून उभे राहिले. पक्ष मोठा, युती सत्तेत, तरीही राष्ट्रवादी काँग्रेसच्या अतुल बेनके यांच्याकडून ते हरले. त्या वेळी शिवसेनेतून बाहेर पडलेल्या आशा बुचके यांनी अपक्ष म्हणून सुमारे 50 हजार मते घेतली होती. 2024 मध्ये सोनवणे स्वतःच अपक्ष लढले आणि 73,355 मते मिळवून विजयी झाले. राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे सत्यशील शेरकर 66,691 मतांवर थांबले, तर विद्यमान आमदार बेनके तिसऱ्या क्रमांकावर गेले. लहान पक्षाकडून विजय, मोठ्या पक्षाकडून पराभव आणि पक्षाविना पुन्हा विजय असा हा क्रम आहे. 2024 च्या निवडणुकीत महायुतीने राज्यात 230 हून अधिक जागा जिंकल्या. लाट होतीच, पण जुन्नरमध्ये महायुतीचे अधिकृत उमेदवार बेनके तिसरे आले. चिन्हावर मत पडते असे सरसकट विधान करणाऱ्याने जुन्नरचे निकाल आधी वाचावेत.

मुळात मतदान करावेच का, हा प्रश्न अँथनी डाऊन्स या अमेरिकी अभ्यासकाने 1957 साली हिशेबी भाषेत मांडला. लाखो मतांत एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य, मग रांगेत उभे राहून वेळ आणि रोजगार बुडवणारा माणूस शहाणा कसा, असा त्याचा पेच. पिंपळवंडीसारख्या गावात हा पेच निराळ्या रीतीने सुटतो. तेथे न गेलेला माणूस लपत नाही. केंद्रात बसलेले उमेदवारांचे प्रतिनिधी यादीवर खुणा करत असतात आणि दुपारपर्यंत राहिलेल्या नावांच्या दारात कोणाची ना कोणाची मोटारसायकल उभी राहते. म्हाताऱ्यांसाठी जीप येते. घरातली चार मते पडली आणि पाचवे राहिले, तर ते का राहिले याची चर्चा संध्याकाळी पारावर होते. त्यामुळे मत देणे हा नागरिकाच्या हक्काइतकाच गावात तोंड दाखवण्याचाही भाग होऊन बसतो. डाऊन्सच्या हिशेबात हा रकाना नाही.

निवडणूक जितकी घराजवळची, तितकी गर्दी जास्त. 2024 मध्ये शिरूर लोकसभेत सुमारे 54 टक्के मतदान झाले, तर सहा महिन्यांनी त्याच मतदारसंघातल्या जुन्नर-आंबेगावात विधानसभेसाठी ते सत्तरीच्या आसपास पोहोचले. लोकसभेच्या आकड्यात हडपसर आणि भोसरीच्या शहरी वस्तीचा थंडपणाही मिसळलेला आहे, हे खरे. पण ग्रामपंचायतीच्या दिवशी गावात जी धावपळ दिसते ती लोकसभेला दिसत नाही, हे कोणीही सांगेल. चाकण, भोसरी आणि मुंबईत कामाला असलेली माणसे ग्रामपंचायतीला हमखास येतात, कारण त्यांचे भाडे आणि बोलावणे दोन्ही पॅनेलवाले करतात. मुंबईच्या डबेवाल्यांची मुळे ज्या तालुक्यांत आहेत त्यांत जुन्नर आणि आंबेगाव येतात. त्यांच्यापैकी अनेकांचे पोट मुंबईत आणि मत गावच्या यादीत अशी वाटणी वर्षानुवर्षे चालत आली आहे.

एकच मतदार या वेगवेगळ्या निवडणुकांचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत ठेवतो. ग्रामपंचायत पक्षचिन्हावर लढवली जात नाही. तेथे पॅनेल असते, आणि पॅनेलमागे भावकी, वाडी व जुने बांधाचे तंटे असतात. विविध कार्यकारी सोसायटीत कर्जवाटपाचा संबंध येतो. विघ्नहर साखर कारखान्याच्या निवडणुकीत उसाची तोड वेळेवर येईल का हे पाहिले जाते. विधानसभेला माणूस पाहतात आणि लोकसभेला हवा. म्हणूनच मे 2024 मध्ये राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे अमोल कोल्हे यांना जुन्नरने भरघोस आघाडी दिली आणि नोव्हेंबरमध्ये त्याच पक्षाच्या उमेदवाराला हरवले. यात विसंगती शोधणे व्यर्थ आहे. मतदाराला दोनदा दोन निरनिराळे प्रश्न विचारले गेले आणि त्याने दोन निरनिराळी उत्तरे दिली, इतकेच.

विधानसभेला 'माणूस पाहतात' म्हणजे काय पाहतात, हे दशक्रिया विधीला गेल्यास कळते. नदीकाठच्या घाटावर सकाळी विधी चाललेला असतो, प्रवचनकार बोलत असतात, समोर पांढऱ्या टोप्यांच्या रांगा. प्रवचन संपले की ध्वनिवर्धक श्रद्धांजलीसाठी पुढाऱ्यांकडे जातो. कारखान्याचे संचालक, जिल्हा परिषदेचे माजी सदस्य, आमदार आणि आमदार होऊ इच्छिणारे एकेक जण दोन-दोन मिनिटे बोलतात, मयताचे गुण सांगतात आणि पुढच्या गावच्या दशक्रियेला निघतात. सूत्रसंचालक आलेल्यांची नावे वाचतो. कोणाचे नाव आधी घेतले आणि कोण आलाच नाही, हे बसलेली मंडळी टिपून ठेवतात. लग्नातही तोच प्रकार, फक्त तेथे मुहूर्त टळतो. घरच्या दुःखात दारी आलेला माणूस पाच वर्षांनी मत मागायला येतो तेव्हा त्याला नाही म्हणणे जड जाते. जाहीरनामा वाचून मत देणारे या परिसरात थोडे. हजेरी मोजून देणारे पुष्कळ. अडाणीपणा म्हणून हे हिणवण्यात अर्थ नाही. जो हाकेला येत नाही तो तलाठी कार्यालयात, दवाखान्यात किंवा महावितरणच्या दारात आपल्यासाठी उभा राहणार नाही, असा त्यामागे रोकडा अंदाज असतो.

पुण्याचे राज्यशास्त्रज्ञ व. म. शिरसीकर यांनी 1962 च्या निवडणुकीवर मतदानवर्तनाचा अभ्यास केला व तो 1965 मध्ये ग्रंथरूपाने आला. भारतातील या विषयावरच्या आरंभीच्या कामांत त्याची गणना होते. त्याआधी अमेरिकेत पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 1940 च्या निवडणुकीचा अभ्यास करून असे दाखवले होते की, प्रचार थेट मतदारावर फारसे काम करत नाही; तो आधी आसपासच्या जाणत्या माणसांकडे जातो आणि त्यांच्याकडून इतरांकडे. ही माणसे पिंपळवंडीतही आहेत : सोसायटीचा अध्यक्ष, दूध डेअरीचा सचिव, निवृत्त गुरुजी, खत-औषधांचा दुकानदार. फरक एवढाच की येथे एकाच भावकीतली दोन जाणती माणसे दोन गटांत असतात, बहुधा मुद्दामच, म्हणजे कोणीही निवडून आला तरी घराचा रस्ता बंद होत नाही.

प्रश्नांवर मत पडत नाही असे मात्र नाही. केंद्र सरकारने 8 डिसेंबर 2023 रोजी कांद्याची निर्यात बंद केली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कोल्हे यांनी शिवनेरीपासून पुण्यापर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा काढला. बंदी उठली ती 4 मे 2024 रोजी, म्हणजे शिरूरच्या मतदानाला नऊ दिवस उरले असताना, तीही 40 टक्के निर्यातशुल्क ठेवून. ज्यांनी चाळीतला कांदा तोवर पडत्या भावात विकला होता त्यांना त्या घोषणेचा उपयोग नव्हता. कोल्हे 1,40,951 मतांनी जिंकले. पराभूत शिवाजीराव आढळराव पाटील हे तीन वेळा खासदार राहिलेले, संपर्कात कमी पडणारे नव्हेत. हजेरीवर चालणारा हिशेब भावापुढे कसा लंगडा पडतो, याचे हे उदाहरण.

बैलगाडा शर्यत हा इथला दुसरा हळवा विषय. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांत प्रत्येक उमेदवाराने शर्यतीचे घाट पुन्हा सुरू करण्याचा शब्द दिला होता. शर्यती पुन्हा सुरू झाल्यावर कोल्हे यांनी खेड तालुक्यातील निमगाव दावडीच्या घाटात बैलांपुढे घोडी पळवली, ती आधी दिलेल्या शब्दाची पूर्तता म्हणून. पाण्याचा विषय मात्र खोल आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पातली धरणे जुन्नर-आंबेगावात आहेत आणि त्यांचे पाणी पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. आवर्तन सुटले की वरच्या गावांत कुरबुर ठरलेली. बिबट्याचा प्रश्न तर गेल्या दोन दशकांत रात्रीच्या विजेशी जोडला गेला. उसात बिबट्या आहे आणि शेतीपंपाची वीज रात्री येते, म्हणून दिवसा वीज ही मागणी येथे जिवाची झाली. डिसेंबर 2025 मध्ये आमदार सोनवणे नागपूरच्या अधिवेशनाला बिबट्याचा वेश घालून गेले. शहरात त्याची थट्टा झाली. ज्यांच्या वस्तीवर बिबट्या येतो त्यांनी आपल्या माणसाने आवाज उठवल्याची नोंद वहीत केली असणार.

पश्चिम पट्टा वेगळा आहे. भीमाशंकर व नाणेघाटाकडच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर वस्ती असून तेथे हिरडा, रस्ता आणि दवाखाना हे विषय चालतात, कांदा नव्हे. पूर्वेच्या बागायती गावांत बहुतेक वेळा प्रमुख उमेदवार मराठा समाजातलेच असल्याने जात निवड करून देत नाही. निवड भावकी आणि गाव यांवर जाऊन थांबते. स्त्रियांचे मत घरातल्या पुरुषाबरोबर जाते, हा समज पूर्वी होता. जुलै 2024 पासून लागू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1,500 रुपये थेट त्यांच्या खात्यात येऊ लागल्यावर पुढाऱ्यांनी स्वतःच तो सोडून दिला. देवदर्शनाच्या सहली, हळदीकुंकू, पैठणीचे खेळ यांचा सुकाळ त्यातूनच आला. पैशाबद्दल थोडक्यात : पाकिटे वाटली जातात, बरेच जण घेतात, पण दोन्हीकडून घेतलेली पाकिटे एकमेकांना छेद देतात. पैशाने मत मिळतेच असे नाही; न वाटल्याने जाईल, या भीतीने ते वाटले जातात.

निर्णय पक्का झाला तरी तो यंत्रावर नीट उतरेल याची खात्री नसते, आणि आंबेगावात 2024 मध्ये नेमके हेच घडल्याचा दाट संशय घ्यायला जागा आहे. 1990 पासून सलग निवडून येणारे दिलीप वळसे पाटील 2019 मध्ये 66 हजारांहून अधिक मतांनी जिंकले होते. 2024 मध्ये त्यांच्याच भीमाशंकर कारखान्याचे माजी अध्यक्ष देवदत्त निकम शरद पवार गटाकडून उभे राहिले आणि वळसे पाटील अवघ्या 1,523 मतांनी वाचले. त्याच मतपत्रिकेवर देवदत्त निकम याच नावाचा आणखी एक अपक्ष होता. त्याचे चिन्ह ट्रंपेट, तर पक्षाचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. अपक्षाला 2,965 मते पडली. लोकसभेच्या वेळी दिंडोरीत असेच चिन्ह मिळालेल्या अपक्षाने एक लाखावर मते घेतली होती, म्हणजे धोका आधीच दिसलेला होता. नामसाधर्म्याचा गोंधळ टळावा म्हणून 2015 पासून यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र असते. डोळ्यांना कमी दिसणाऱ्या आणि 'तुतारीला द्यायचं' एवढेच घोकून आलेल्या आजीला त्याचा किती आधार मिळत असेल, हे सांगायला नको. ती सर्व मते चुकून पडली असे सिद्ध करता येत नाही. पण अपक्षाला पडलेली मते विजयाच्या फरकाच्या जवळजवळ दुप्पट आहेत.

मत गुप्त असते. गावाचे मत गुप्त नसते. मतमोजणी केंद्रनिहाय होते आणि आकडे जाहीर होतात, त्यामुळे निकालाच्या संध्याकाळीच कोणत्या वाडीने कोणाला किती दिले हे तालुक्याला ठाऊक होते. हजार-बाराशे मतांच्या केंद्रात उरलेले अंदाज भावकीच्या यादीवरून बांधता येतात. नंतर रस्त्याचे काम कोणत्या वाडीला आधी मिळते, याचा संबंध लोक या आकड्यांशी लावतात. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणारे 'टोटलायझर' यंत्र वापरावे, अशी सूचना निवडणूक आयोगाने 2008 मध्ये केली आणि विधी आयोगाने 2015 च्या 255 व्या अहवालात तिला पाठिंबा दिला. ती अमलात आलेली नाही, आणि वाडीचा कल दरवेळी मोजून पाहण्याची सवय लागलेल्या कोणत्याच पक्षाला तिची घाई नाही.