काजळीची चाळणी आणि तपासनिसाची नजर

डिझेल मोटारीच्या पोटाखाली, इंजिनातून निघालेल्या धुराच्या नळीवर, पोलादी पत्र्याचा एक डबा बसवलेला असतो. २०१० च्या आसपास ब्रिटनमधल्या अनेक गॅरेजांत या डब्यावर एक काम राजरोस चालत असे. ग्राइंडरने डबा उघडायचा, आतला पोळ्यासारखा गाभा फोडून काढायचा, रिकामा डबा वेल्डिंग करून पुन्हा जागेवर बसवायचा. मग लॅपटॉप जोडून इंजिनाच्या संगणकाचा प्रोग्राम असा बदलायचा, की त्याने त्या गाभ्याची चौकशीच करू नये. गाडी बाहेरून जशी होती तशीच दिसे. वार्षिक तपासणीला गेली की पासही होई.

त्या गाभ्याचे नाव डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. मेकॅनिकांच्या बोलण्यात डीपीएफ. काम एकच: इंजिनातून निघणारी काजळी हवेत जाण्याआधी अडवणे. ती चाळणी काढून टाकण्याची प्रथा कशी पडली आणि तपासणीचे नियम तिच्या मागे कसे धावत राहिले, याचा इतिहास जेमतेम पंधरा वर्षांचा आहे.

ब्रिटनची वाहन तपासणी मात्र त्याहून बरीच जुनी. १९५६ च्या रोड ट्रॅफिक कायद्याने तिची तरतूद केली आणि अर्नेस्ट मार्पल्स वाहतूकमंत्री असताना, सप्टेंबर १९६० मध्ये, ती सुरू झाली. मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टच्या आद्याक्षरांवरून तिला ‘एमओटी’ म्हणू लागले. ते मंत्रालय नाव बदलून गेले, पण हे नाव टिकले. सुरुवातीला दहा वर्षे जुन्या गाड्यांचे फक्त ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग पाहत. नापास होणाऱ्या गाड्या इतक्या निघाल्या, की १९६१ संपण्यापूर्वीच दहा वर्षांची मर्यादा सातवर आणावी लागली. १९६७ मध्ये ती तीन वर्षांवर आली आणि आजही तेवढीच आहे. तपासणी सरकारी कचेरीत होत नाही. मुख्यतः परवाना दिलेली खासगी गॅरेजे ती करतात.

या तपासणीच्या पहिल्या तीन दशकांत धुराला फारसे स्थान नव्हते. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर उतरलेल्या धूरधुक्याने किमान चार हजार बळी घेतले होते, पण तो दोष कोळशाचा मानला गेला आणि १९५६ चा स्वच्छ हवा कायदाही चुली-भट्ट्यांच्या धुरावर रोखलेला होता. पेट्रोल गाड्यांच्या धुराची मोजणी एमओटीत आली ती १९९१ मध्ये, डिझेलची १९९४ मध्ये. डिझेलसाठी पद्धत सोपी होती. गाडी उभी ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि नळीतून येणारा धूर प्रकाशाचा किरण किती अडवतो ते यंत्राने पाहायचे. जितका धूर काळा, तितका आकडा मोठा. काळा लोट सोडणाऱ्या त्या काळच्या गाड्यांसाठी हे पुरेसे होते.

पुढे दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. मार्च २००१ पासून ब्रिटनने नव्या गाड्यांचा वार्षिक कर कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर बेतला. डिझेल इंजिन हा वायू कमी सोडते, म्हणून लोक डिझेलकडे वळले. २००० साली दर सात नव्या गाड्यांत एक डिझेलची असे; २०११ पर्यंत निम्म्याहून अधिक गाड्या डिझेलच्या झाल्या. दुसरी गोष्ट, फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने २००० साली आपल्या ६०७ या मॉडेलमध्ये काजळीची चाळणी कारखान्यातूनच बसवून दिली. त्याआधी १९८५ मध्ये मर्सिडीजने कॅलिफोर्नियासाठीच्या काही गाड्यांत असा प्रयत्न करून पाहिला होता, पण तो टिकला नाही. प्यूजोचा टिकला. युरोपच्या ‘युरो ५’ नियमांनी काजळीची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणली, तेव्हा चाळणीशिवाय डिझेल मोटार विकणे जवळजवळ अशक्य झाले. २०११ पासून युरोपात विकली जाणारी प्रत्येक नवी डिझेल मोटार या मर्यादेत बसणे सक्तीचे होते.

चाळणीची रचना मोठी हुशारीची आहे. सिलिकॉन कार्बाइड किंवा कॉर्डिएराइट या सिरॅमिकच्या ठोकळ्यात शेकडो बारीक नळ्या शेजारी शेजारी असतात. एक नळी पुढून बंद, तर शेजारची मागून बंद. धूर एका नळीत शिरतो, पुढे वाट नसल्याने सच्छिद्र भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीत जातो आणि काजळी भिंतीवर अडकते. शाबूत चाळणी बहुतेक सगळे कण रोखते. मात्र साठलेली काजळी अधूनमधून जाळावी लागते. त्यासाठी गाभा सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे. हायवेवर सलग पंधरा-वीस मिनिटे गाडी धावली की हे काम आपोआप होते.

गाडी तशी धावली नाही, तर?

शाळा, बाजार आणि ऑफिस एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीची चाळणी कधीच पुरती तापत नाही. काजळी साठते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. त्याकडे दुर्लक्ष झाले की इंजिन आपली ताकद कमी करून घेते आणि गाडी कशीबशी घरी पोचते. शिवाय काजळी जळाली तरी इंजिन ऑइलची राख मागे उरते, ती जळत नाही. कर वाचेल म्हणून शहरातल्या छोट्या फेऱ्यांसाठी डिझेल गाडी घेतलेल्या हजारो कुटुंबांपुढे नव्या चाळणीचे हजार पौंडांहून मोठे बिल आले. जुन्या गाडीची स्वतःची किंमतच कधी कधी तेवढी नसे. चाळणी काढून द्यायला गॅरेजवाला त्या बिलाच्या काही हिश्श्यात तयार होता, आणि वर मायलेज वाढेल असेही सांगत होता. ही जाहिरात उघडपणे होत असे.

याच काळात, जून २०१२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातला. फेब्रुवारी २०१३ मध्ये लंडनच्या लुइशम भागात, वर्दळीच्या साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणारी एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी दम्याने गेली. तिच्या आईने सात वर्षांहून अधिक काळ लढा दिल्यावर डिसेंबर २०२० मध्ये चौकशी करणाऱ्या कॉरोनरने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचे प्रदूषण नोंदवले आणि तिच्या वाट्याला आलेले ते प्रदूषण मुख्यतः वाहतुकीचे होते, असेही म्हटले. तिच्या मृत्यूचा दोष कुणा एका गाडीवर घालता येत नाही. पण गाभा काढलेल्या प्रत्येक गाडीची काजळी अशाच रस्त्यांवर सांडत होती.

डिसेंबर २०१३ मध्ये ब्रिटनचे वाहतूक राज्यमंत्री रॉबर्ट गुडविल यांनी नवा नियम जाहीर केला आणि फेब्रुवारी २०१४ पासून तो लागू झाला: मूळ गाडीला चाळणी होती आणि आता ती दिसत नाही, तर गाडी नापास. चाळणी काढून रस्त्यावर गाडी चालवणे आधीपासूनच बेकायदा होते. मोटारीला १,००० पौंड आणि व्हॅनला २,५०० पौंडांपर्यंत दंडाची तरतूद होती. नव्या नियमात खरी मेख ‘दिसत नाही’ या शब्दांत होती. तपासनिसाने फक्त डोळ्यांनी पाहायचे होते. त्याला काही उघडण्याची मुभा नव्हती. डबा जागेवर आहे एवढे दिसले, की त्याचे काम संपले.

म्हणून गॅरेजांनी डबा ठेवला आणि गाभा काढला.

बीबीसी रेडिओने २०१७ मध्ये मिळवलेल्या सरकारी आकड्यांनुसार, २०१४ पासून चाळणीविना पकडलेल्या गाड्या १,८०० च्या थोड्या वर होत्या. देशात डिझेल मोटारी एक कोटीहून अधिक. धूर मोजणारे यंत्रही मदतीला येत नव्हते. आधुनिक इंजिनाची काजळी इतकी सूक्ष्म असते, की तिचे बहुतेक कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान असतात. प्रकाश त्यांच्यामुळे धड अडत नाही. चाळणी काढलेली गाडी यंत्रावर सहज पास होई आणि नळीजवळ उभ्या माणसालाही धूर दिसत नसे.

२० मे २०१८ रोजी एमओटीचे नियम पुन्हा कडक झाले. चाळणी असलेल्या गाडीतून कोणत्याही रंगाचा दिसेल इतका धूर आला तर ती नापास. डब्यावर कापून पुन्हा वेल्डिंग केल्याची खूण दिसली, तर चाळणी साफ करण्यासारखे रास्त कारण पुराव्यानिशी दाखवल्याखेरीज तपासणीच नाकारायची. नियम चांगलाच होता, पण पुन्हा डोळ्यांवर विसंबलेला. सफाईने मारलेली वेल्डिंग पत्र्याखाली लपते.

शेजारच्या देशांनी वेगळी वाट धरली. नेदरलँड्समधल्या टीएनओ या संशोधन संस्थेने दाखवून दिले, की इंजिन नुसते चालू ठेवून, अॅक्सिलरेटर न दाबता, नळीतल्या हवेतले कण मोजले तरी बिघडलेली किंवा काढलेली चाळणी लगेच पकडता येते. शाबूत चाळणीमागे घनसेंटिमीटरला मोजके कण सापडतात, रिकाम्या डब्यामागे लाखोंनी. बेल्जियममध्ये २०२२ च्या जुलैपासून, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमध्ये जानेवारी २०२३ पासून, तर जर्मनीत १ जुलै २०२३ पासून ही कणमोजणी वाहन तपासणीचा भाग झाली. जर्मनीने मर्यादा घनसेंटिमीटरला अडीच लाख कणांची ठेवली. डबा कितीही सफाईने जोडलेला असो, इथे लपायला जागा उरत नाही.

महाराष्ट्राला हा इतिहास परका नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले आणि डिझेल मोटारींत डीपीएफ आली. नवे मॉडेल बाजारात येण्यापूर्वी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत त्याच्या धुरातले कण खरोखर मोजले जातात, किलोमीटरमागे साठ हजार कोटी कणांच्या मर्यादेशी ताडून. पण तीच गाडी रस्त्यावर आल्यावर पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात पीयूसीला जाते, तेव्हा तिथे असते ते प्रकाश अडण्यावर चालणारे जुन्या पद्धतीचे यंत्र. २०२० मध्ये घेतलेल्या बहुतेक गाड्या आता वॉरंटीबाहेर पडल्या आहेत. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या त्या गाड्यांना पिवळे दिवे लागू लागले आहेत, आणि ब्रिटनमधल्या गाडीमालकांसमोर २०१० मध्ये उभा राहिला तोच प्रश्न त्यांच्या मालकांसमोर आहे.

कण मोजणारे यंत्र पीयूसी केंद्रांत आणायचा निर्णय सरकारने लवकर घ्यायला हवा. ब्रिटनने डोळ्यांवर विसंबून घालवलेली वर्षे आपण घालवण्याचे कारण नाही. तोवर डिझेल गाडी असलेल्या वाचकाने एवढे करावे: पिवळा दिवा लागला तर गाडीसोबत आलेले पुस्तक उघडावे, त्यात सांगितल्याप्रमाणे गाडी हायवेवर सलग चालवावी, दिवा तरीही विझला नाही तर चाळणी साफ करून घ्यावी, आणि ‘काढून टाकू, स्वस्तात होईल’ म्हणणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत न्यावी.