दुर्बिणीखालची पट्टी

शिकारी रायफलवरच्या दुर्बिणीचं कौतुक सगळेच करतात. ती जिच्यावर बसते त्या दोन सेंटिमीटर रुंद, आडव्या खाचांच्या पट्टीकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. बंदूकवाले तिला ‘रेल’ म्हणतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या, खानदेशातल्या यावलच्या बाजूने तिचा माग काढायचा, तर सुरुवात पट्टी नसलेल्या बंदुकीपासून करावी लागते.

१८२५ साली मुंबई लष्करातला जेम्स औट्रम खानदेशात आला आणि धरणगावच्या तळावर त्याने भिल्ल पलटण उभी केली. पुढच्या दहा वर्षांत १९१ वाघ मारले गेले तेव्हा तो स्वतः हजर होता, असं त्याच्या चरित्रात नमूद आहे. त्या काळच्या बंदुका ठासणीच्या. नळीच्या टोकाला बारीकशी माशी, तिच्यावर नजर धरायची आणि चाप ओढायचा. एवढ्यावर भागलं, कारण लांबून नेम धरायची वेळच येत नसे. पाणवठ्यावरचा पंजा ओळखणारे, नाल्यातून माग काढणारे, हाका घालून जनावर बंदुकीसमोर आणणारे भिल्ल होते. वाघ आणि बंदूक यांच्यातलं अंतर माणसांनीच तोडून दिलेलं असे. पुढे कुमाऊंच्या जिम कॉर्बेटला चंपावतची वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली रिग्बीची .२७५ रायफल भेट मिळाली, तिच्यावरही दुर्बीण नव्हती. झाडीत तीस-चाळीस पावलांवर दिसणाऱ्या जनावराला दुर्बीण अडचणच करते.

गंमत अशी की, रायफलीवर दुर्बीण चढवणाऱ्या पहिल्या नामवंतांपैकी एक जण औट्रमच्याच मुंबई लष्करातला होता. डेव्हिड डेव्हिडसन त्याचं नाव. १८६२ साली त्याने आपल्या दुर्बिणीचं पेटंट घेतलं आणि ती व्हिटवर्थ रायफलवर, नळीच्या डाव्या अंगाला बसू लागली. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी ती वापरली. त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम माल्कम लांबलचक दुर्बिणी करत होता. नळीच्या पुढे एक आणि मागे एक अशा दोन टेकूंवर त्या उभ्या राहत. जर्मन कारागिरांनी पुढे नख्यांची जोडणी काढली. दुर्बिणीखालच्या पोलादी नख्या रायफलवरच्या खोबणीत अडकवायच्या, मागची कळ दाबली की दुर्बीण सुटी.

या साऱ्या जोडण्यांची एकच खोड होती. प्रत्येक जोडी कानशीने घासून हाताने जुळवलेली, त्यामुळे एका रायफलची दुर्बीण दुसरीवर चालत नसे. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ब्रिटिश लष्करासाठी ली-एनफिल्डच्या रायफली दुर्बिणीसह तयार केल्या, तेव्हाही दुर्बिणीचा क्रमांक त्या त्या रायफलच्या लाकडी दस्त्यावर ठोकलेला असे. जोडी फुटली की नेम गेला.

ही गाठ सोडवली ती स्वस्ताईने. १९३० साली विल्यम वीव्हर या अमेरिकनाने सामान्य शिकाऱ्याला परवडेल अशी दुर्बीण बाजारात आणली आणि तिच्या जोडणीची, आडव्या खाचांची पट्टी पुढे त्याच्याच नावाने ओळखली गेली. खाचेची रुंदी ठरली, पण दोन खाचांमधलं अंतर ज्याने त्याने आपल्या मर्जीने ठेवलं. ते अंतर ठरवण्याचं काम अमेरिकी लष्कराने १९९५ साली केलं. न्यू जर्सीतल्या पिकाटिनी शस्त्रशाळेच्या नावाने जे मानक आलं, त्यात खाच ५.२३ मिलिमीटर रुंद आणि एका खाचेच्या मध्यापासून दुसरीचा मध्य १०.०१ मिलिमीटरवर. वीव्हरची खाच ४.५७ मिलिमीटरची. म्हणून वीव्हरची पकड पिकाटिनीवर सहसा बसते, उलटं बहुधा होत नाही. विकत घेताना हाच घोटाळा जास्त होतो.

बसवण्याचं काम मात्र आजही सबुरीचं. आधी भोकांतलं आणि पट्टीच्या पाठीवरचं तेल पुसून काढायचं, कारण तेलकट आट्यांत स्क्रू धक्क्यागणिक ढिला होतो. सगळ्यात पुढचा स्क्रू आत किती उतरतो ते बघायचं. तो लांब निघाला तर नळीच्या आट्यांना किंवा बोल्टला जाऊन अडतो. दुर्बिणीची कडी खाचेत ठेवली की ती नळीच्या तोंडाच्या दिशेने, म्हणजे पुढे ढकलून मग आवळायची. गोळी सुटताना रायफल मागे येते आणि दुर्बीण जागच्या जागी राहू बघते. कडी खाचेच्या पुढच्या भिंतीला आधीच टेकलेली असली तर दुर्बिणीला सरकायला वाव उरत नाही. आता हिशेब बघा. दोन कड्यांत दहा सेंटिमीटर अंतर आहे आणि पट्टीचं एक टोक दशांश मिलिमीटर उचललेलं आहे, एवढ्यावर शंभर मीटरवरचा नेम दहा सेंटिमीटर हलतो. तेवढा फरक दुर्बिणीच्या चकत्या फिरवून काढता येतो. पण टोक डुगडुगतं असेल तर प्रत्येक गोळीला नवा हिशेब.

खानदेशात ही पट्टी पोचायला उशीर झाला. इंग्रजांनी लष्कराच्या .३०३ काडतुसावर खासगी लोकांना बंदी घातली, म्हणून परवानाधारकांकडे .३१५ आली आणि इशापूरच्या कारखान्यातून स्वातंत्र्यानंतरही तीच येत राहिली. जुन्या .३१५ वर पट्टीसाठी भोकंच नसतात. ती पाडायला लेथवाल्याकडे जाण्याची सोय नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल करणाऱ्याकडेही परवाना लागतो. यावलहून भुसावळ ओलांडलं की वरणगाव लागतं. तिथल्या आयुध निर्माणीत १९६४ पासून लष्करी रायफलींची काडतुसं बनतात, पण ती शिकाऱ्यासाठी नव्हेत. आणि शिकारच उरली नाही. यावल अभयारण्य १९६९ साली जाहीर झालं, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीचं उरलंसुरलं दारही लावलं. पट्टीचं मानक ठरलं त्याच्या चार वर्षं आधी.

आज सातपुड्याच्या पायथ्याला कायदेशीरपणे दुर्बीण लावून जनावरावर नेम धरला जातो तो बहुधा वनखात्याच्या भूल देण्याच्या बंदुकीतून. बिबट्या विहिरीत पडतो, केळीच्या बागेत अडकतो, मग पशुवैद्य येतो. त्याच्या बंदुकीतून गोळीऐवजी औषधाची सुई सुटते, वायूच्या दाबाने, आणि तिचा भरवशाचा मारा जेमतेम तीस-चाळीस मीटर. म्हणजे दीडशे वर्षं ज्या दुर्बिणीने आणि पट्टीने शिकाऱ्याला जनावरापासून लांब उभं राहायची सवय लावली, त्यांना घेऊनही या माणसाला औट्रमच्या अंतरावर यावंच लागतं. तिथवर पोचवणारा अजूनही माग ओळखणारा वनमजूर असतो, तडवी नाहीतर पावरा. पट्टीने नेम पक्का केला; जनावरापर्यंतची वाट ज्यांची होती त्यांचीच राहिली.