निशिगंधाचे माहेर

शिरपूरच्या दक्षिणेने वाहणाऱ्या तापीच्या काठाने वर वर जावे, तो बऱ्हाणपूर लागते. तेथे नदीपलीकडे, जैनाबादच्या शाही बागेत, १६३१ साली मुमताजमहलला प्रथम मूठमाती मिळाली. सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्यास नेला. पुढे ताजमहालाच्या संगमरवरात लिली, ट्यूलिप अशी कंदफुले कोरली गेली. ही फुले थंड हवेची. आमच्या खानदेशच्या उन्हाळ्यात ती कशी टिकावीत?

येथे रुजला तो निशिगंध. त्याचे माहेर मेक्सिको. तेथील आझ्टेक लोक त्याला ‘हाडाचे फूल’ म्हणत. सोळाव्या शतकात तो युरोपात गेला आणि पुढे आपल्याकडे येऊन गुलछडी झाला : ‘गुल’ फारसी, ‘छडी’ आपली! बांधावरच्या घायपाताचा तो भाऊबंद, हे ऐकून मला मौज वाटली.

रानात हा कोठेच आढळत नाही. माणसाने लावला म्हणूनच जगला. कंदाला पिले फुटतात, ती शेजारीण शेजारणीला देते. बादशहाची बाग भग्न झाली, फुले दगडात राहिली. हा कंद मात्र हातोहात चालत आला. वाचकहो, यंदा आपल्या वाफ्यातली चार पिले कुणाच्या तरी ओंजळीत घाला. हा इतिहास दिल्यानेच टिकतो.