आधी बॅटरी, मग पॅनेल

गेल्या डिसेंबरात टोरंटोहून मावसबहिणीने एक फोटो पाठवला. उतरतं छप्पर, त्यावर वीतभर बर्फ. खाली लिहिलं होतं, "ह्यात आमचं सोलर शोधून दाखव." मी तेव्हा सुट्टीवर गावी, भोकरदन तालुक्यात, घराच्या स्लॅबवर उभा होतो. हातात पाण्याचा पाइप आणि लांब दांड्याचा पोचा. आमच्या पॅनेलवर बर्फ नव्हता, धूळ होती. सोंगणी-मळणीची आणि गावाबाहेरच्या रस्त्याच्या कामाची. धुवायला सुरुवात केली आणि पाइपातलं पाणी बंद झालं. खालून अण्णा ओरडले, "लाइट गेली रे. राहू दे आता."

भर दुपारचे बारा. आभाळात ढगाचा ठिपका नाही. डोक्यावर 3 किलोवॅटचं सोलर. आणि खाली टाकीत पाणी चढवणारी मोटर बंद, पंखा बंद, फ्रीज बंद. चालू काय होतं? जिन्याखालच्या कोपऱ्यातला जुना इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी. तिच्यावर दोन दिवे आणि वायफाय.

पेशाने मी सॉफ्टवेअरवाला, शिक्षणाने इंजिनिअर. त्यामुळे असं का होतं ते मला ठाऊक होतं. अण्णांना ते पटेल असं सांगता येत नव्हतं, कारण त्यांचा प्रश्न तांत्रिक नव्हताच. "इतकी वर्षं लाइट जाते म्हणून बॅटरी ठेवली. आता ऊन विकत घेतलं, तरी बॅटरीच कामाला येते. मग हे वर काय बसवलंय?" ह्याचं उत्तर द्यायचं तर चाळीसएक वर्षं मागे जावं लागतं.

आमच्या भागात घरात बॅटरी शिरली ती दिव्यासाठी नव्हे, टीव्हीसाठी. 25 जानेवारी 1987 ला दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं, पुढच्या वर्षी 2 ऑक्टोबरला 'महाभारत'. रविवारी सकाळी नेमकी लाइट गेली तर गावात बोंब व्हायची. त्या काळातले बरेच ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही 12 व्होल्टवरही चालत. म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी सोडवून टीव्हीला जोडायची. ट्रॅक्टर नसलेले लोक बॅटरी भाड्याने आणत, किंवा सायकलच्या कॅरिअरला बांधून चार्जिंगच्या दुकानात नेऊन ठेवत. आबा सांगायचे की एका रविवारी टीव्ही रंगात आला तोवर बॅटरी पार उतरली, आणि सोमवारी पेरणीचा ट्रॅक्टर दहा जणांनी ढकलून चालू केला. म्हणजे वीज साठवून ठेवायची वस्तू आहे, हे ज्ञान आमच्याकडे पॅनेलच्या कितीतरी आधी पोचलं होतं.

खरी बॅटरी शिकवली ती भारनियमनाने. दाभोळच्या प्रकल्पाचा 740 मेगावॅटचा पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला आणि 2001 च्या मे महिन्यात बंद पडला. मागणी वाढतच होती, नवीन केंद्रं तितक्या वेगाने उभी राहिली नव्हती. 6 जून 2005 रोजी 1960 पासूनच्या वीज मंडळाचं विभाजन होऊन वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, आणि नेमक्या त्याच सुमारास तुटवडा टोकाला गेला. मी तेव्हा तिसरीत. लोड शेडिंग हा माझ्या पिढीने मराठीसारखाच घरी शिकलेला शब्द. ग्रामीण भागात बारा-बारा तास वीज नसे.

त्यातून गावाने काढलेल्या वाटा इतिहासाच्या पुस्तकात येणार नाहीत म्हणून इथे लिहून ठेवतो. घरांना थोडी तरी वीज राहावी म्हणून सिंगल फेजिंग आलं. शेतीचा तीन फेजचा पुरवठा बंद, पण घरात एका फेजवर दिवा चालू. लोकांनी लगेच मोटरीला कंडेन्सर लावून त्या एका फेजवर पंप चालवायला सुरुवात केली. मग डीपी जळायची. डीपी जळाली की वर्गणी, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ती दुरुस्तीला नेणं. पुढे गावठाणाचं फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळं करण्याचं काम निघालं. पंपाला 'ऑटो' बसवायची पद्धतही तेव्हाचीच. रात्री कधीही लाइन आली की मोटर आपोआप सुरू. विहिरीत पाणी नसेल तर ती कोरडीच फिरून जळायची, ते वेगळं.

मग फीडरांचे गट पडले. वीजगळती आणि वसुली ह्यांवरून ए, बी, सी करत थेट जी पर्यंत. गळती जास्त तितकं भारनियमन जास्त. हिशोब म्हणून तो बरोबरही असेल. पण इमाने बिल भरणाऱ्या घराला शेजारच्या आकड्याची शिक्षा होते, हे मला तेव्हाही कळत होतं. 2012 अखेर राज्य भारनियमनमुक्त करण्याची घोषणा होती. आमच्या फीडरला ती ऐकू आली नाही. 2013 च्या मार्चमध्ये मी दहावीला होतो. तो दुष्काळाचा भयंकर उन्हाळा. जालन्यात माणसं टँकरच्या रांगेत होती, आणि फेब्रुवारीत परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. कोळशाची वीज करायलाही पाणी लागतं, हा भूगोलाचा धडा मराठवाड्याइतका कोणी गिरवला नसेल.

त्याच वर्षी अण्णांनी कापसाच्या पैशातून इन्व्हर्टर घेतला. 150 अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी. 12 व्होल्टने गुणलं तर 1.8 युनिट, हातात त्याहून कमी. घरात तिचा मान नव्या सुनेचा होता. दर दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर, टर्मिनलला ग्रीस, जवळ उदबत्ती लावायची नाही. तिच्यावर टीव्ही लावायचा नाही हाही नियम होता, आणि तो आयपीएलमध्ये मोडायचा.

इथपर्यंत ह्या कथेत सूर्य कुठेच नाही. सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेत बेल लॅब्सने 25 एप्रिल 1954 ला जगाला दाखवला. जेमतेम 6 टक्के ऊन तो विजेत बदलत असे. आपल्याकडे सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने 1977 मध्ये पहिला सौरघट बनवला. महाराष्ट्राची 'मेडा' 1985 ची. पण जालन्याच्या घरांना 'सोलर' म्हणजे बराच काळ सोलर कंदील, नाहीतर ग्रामपंचायतीने बसवलेला आणि बॅटरी चोरीला गेलेला रस्त्यावरचा दिवा. 2010 मध्ये राष्ट्रीय सौर मिशन आलं, पॅनेलच्या किमती कोसळल्या, 2015 मध्ये राज्यात छतावरच्या सोलरसाठी नेट मीटरिंगचे नियम झाले, आणि 13 फेब्रुवारी 2024 ला पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली. 3 किलोवॅटला 78 हजार अनुदान. आमच्या गल्लीत त्यानंतर पॅनेलं दिसू लागली.

ह्या योजनेच्या डोक्यात एक गृहीत आहे: ग्रिड कायम हजर असतं. दुपारची जास्तीची वीज ग्रिडला द्या, रात्री तिथून परत घ्या. म्हणून अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर. बॅटरीसाठी वेगळा रुपया नाही. आणि असा साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ग्रिड गेलं की काही क्षणांत स्वतःला बंद करतो. करायलाच हवं. नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला बंद समजलेल्या तारेतून आमच्या छतावरची वीज लागेल. नियम चुकीचा नाही. पण जिथे लोकांनी वीस वर्षं 'लाइट गेल्यावर काय' ह्या एकाच प्रश्नावर पैसे घातले, तिथे त्या प्रश्नाला हातच न लावणारी वस्तू त्यांना विकली गेली, आणि विकणाऱ्याने ते सांगितलं नाही. आमच्याकडे आलेल्या माणसाने तर "आता इन्व्हर्टर भंगारात घाला" असं सांगितलं होतं. अण्णांनी घातला नाही.

बहिणीशी रात्री बोलताना लक्षात आलं की तिचं गणित अगदी उलटं आहे. टोरंटोत डिसेंबरच्या भर दुपारीही सूर्य क्षितिजावर जेमतेम 23 अंश चढतो, आमच्याकडे 47. तिचा दिवस नऊ तासांचा, त्यात पॅनेलवर बर्फ. तो सरकून पडावा म्हणून छप्पर तीव्र उताराचं. उन्हाळ्यात मात्र भरपूर ऊन असतं, तेव्हाची वीज ग्रिडच्या खात्यात जमा होते आणि हिवाळ्यात वापरली जाते. घरातली बॅटरी ही सहा महिन्यांची तूट कधीच भरून काढू शकत नाही, ती एक-दोन रात्रींची सोय. शिवाय थंडी लेड-अ‍ॅसिड बॅटरीची ताकद खाते, आणि लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर आतून खराब होते, म्हणून ती घराच्या उबेत ठेवायची. आमची बॅटरी उन्हाळ्याने मरते. ढोबळ हिशोब असा की तापमान दहा अंश वाढलं की तिचं आयुष्य अर्ध्यावर येतं.

गंमत म्हणजे पॅनेलला थंडी आवडते. त्याची क्षमता 25 अंशांवर मोजलेली असते. मे महिन्यात आमच्या स्लॅबवर पॅनेलचं अंग सहज 65 ला जातं आणि 15 टक्क्यांच्या आसपास वीज नुसत्या तापण्यात जाते. बर्फाळ प्रदेशात निरभ्र दिवशी, बर्फ झटकलेलं पॅनेल आपल्या ताकदीचं पुरेपूर देतं. आम्हाला डिसेंबर-जानेवारी हाच त्यातल्या त्यात जवळचा काळ, आणि तुटीचे महिने पावसाळ्याचे.

बर्फ आमच्याकडे पडतच नाही असंही नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा विसरणार नाही. 11 फेब्रुवारी 2018 च्या सकाळी जालना, मंठा, अंबड भागात पुन्हा तेच. काढणीला आलेला गहू, हरभरा आणि द्राक्षं झोडपली गेली, शेतं पांढरी झाली. पॅनेलच्या प्रमाणित चाचणीत 25 मिलिमीटरचा बर्फाचा गोळा सेकंदाला 23 मीटर वेगाने काचेवर मारतात. आपल्याकडे त्याहून मोठ्या गारा लोकांनी तळहातावर घेऊन फोटो काढले आहेत. ह्या चाचणीबद्दल दुकानात कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही. विमा उतरवलाय का, हे तरी विचारावं.

शेतातली गोष्ट मात्र वेगळी घडली. रब्बीत शेतीची लाइन आठवडाभर आलटून पालटून कधी दिवसा, कधी रात्री. आबांनी उभं आयुष्य जानेवारीच्या रात्री गव्हाला पाणी दिलं. पायात गमबूट, हातात बॅटरी (म्हणजे टॉर्च), आणि दर पावलाला सापाची भीती. 2017 मध्ये राळेगणसिद्धीपासून सौर कृषी वाहिनीची सुरुवात झाली, 2019 पासून सौरपंप शेतात येऊ लागले. शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5. सर्वांत जास्त सौरपंप बसलेल्या जिल्ह्यांत जालना आज पुढच्या रांगेत आहे. ह्या पंपाला ग्रिड लागत नाही, बॅटरीही लागत नाही. ऊन आहे तोवर पाणी उपसतो.

आणि साठवण? ती आमच्या जिल्ह्याकडे आधीच होती. जालना तालुक्यातल्या कडवंचीत 1996 पासून इंडो-जर्मन कार्यक्रमात, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली पाणलोटाचं काम झालं. पुढे तिथे घरटी शेततळी झाली आणि त्यांवर द्राक्षबागा तगल्या. ती शेततळी पाण्यासाठी खणली होती. सौरपंप आल्यावर तीच बॅटरी झाली: दुपारी विहिरीतलं पाणी तळ्यात चढवून ठेवायचं, हवं तेव्हा ठिबकला सोडायचं. डिस्टिल्ड वॉटर नको, ग्रीस नको. फक्त बाष्पीभवन आहे, आणि विहिरीत आडात असलं तर पोहऱ्यात येणार, हेही आहे. फुकटचं ऊन भूजल लवकर संपवेल ही भीती मला खरी वाटते.

आमचं शेततळं लहान आहे. आबा शेवटची दोन वर्षं रात्री शेतात गेले नाहीत. दुपारी तीनला बांधावर बसून पाइपातून पडणारी धार बघत बसायचे, ढग आला की धार बारीक व्हायची आणि ते वर बघायचे.

घरी आता हायब्रिड इन्व्हर्टर बसवायचं ठरतंय. भाव काढलेत, बॅटरीचाच खर्च जड आहे. अण्णांनी एकच अट घातली आहे, जिन्याखालची जुनी बॅटरी हलवायची नाही.