प्राणवायूची खोली

1774 मध्ये जोसेफ प्रीस्टलीने भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचे तांबडे भस्म तापवले. त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती भडकून जळू लागली. या हवेत मेणबत्ती जशी लवकर संपते तसे माणसाचे आयुष्यही भराभर सरेल काय, अशी शंका त्याने पुढे लिहून ठेवली. तिला पुराव्याचे बळ मिळायला शंभर वर्षे लागली. 1878 मध्ये पॉल बेरचा हवेच्या दाबावरचा जाडजूड ग्रंथ पॅरिसमध्ये बाहेर पडला. दाबकोठीतले चंडोल आचके देऊन मरतात, आणि याला कारण दाब नव्हे, तर दाबाखालचा प्राणवायू, हे त्याने दाखवून दिले. गंमत अशी, की त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हेन्री फ्लूस शुद्ध प्राणवायूवर चालणारे बंदिस्त श्वसनयंत्र तयार करत होता! 1880 मध्ये ते लावून अलेक्झांडर लँबर्ट पाण्याने भरलेल्या सेव्हर्न बोगद्यात शिरला आणि सुखरूप परतला. या यशाने बेरचा इशारा झाकोळला असावा, असे मला वाटते.

अशा यंत्राचे बुडबुडे वर येत नाहीत, म्हणून युद्धाने ते उचलले. डिसेंबर 1941 मध्ये इटालियन पाणबुडे ते लावूनच अलेक्झांड्रिया बंदरात शिरले आणि त्यांनी दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. इकडे ब्रिटिश नौदलासाठी स्वतःवरच प्रयोग करणाऱ्या जे. बी. एस. हाल्डेनच्या पाठीचे मणके प्राणवायूच्या आचक्यांत चेपले गेले होते. 1942 पासून केनेथ डोनाल्डने नौदलाच्या पाणबुड्यांवर शेकडो चाचण्या घेतल्या. तळाशी दबा धरून बसलेल्या या संकटाला पाणबुड्यांनी ‘ऑक्सिजन पीट’ असे नाव ठेवले होते. डोनाल्डची एक नोंद आपण थांबून वाचावी अशी आहे: एकाच माणसाला एकाच खोलीवर, तीन महिन्यांच्या चाचण्यांत, कधी 7 मिनिटांत लक्षणे दिसली, तर कधी 148 मिनिटांनी. शुद्ध प्राणवायूवर 25 फुटांखाली जाणे हा जुगार आहे, असा निष्कर्ष त्याने काढला.

असे का होते, याचा धागा 1954 मध्ये रेबेका गर्शमन यांनी पकडला: किरणोत्साराने होते तशीच इजा येथेही मुक्त मूलके (अतिक्रियाशील रेणू) करतात. आज 32 टक्के प्राणवायूचे नायट्रॉक्स (नायट्रोजन-प्राणवायूचे मिश्रण) भरलेल्या टाकीवर पाणबुडा टक्केवारी आणि खोलीची मर्यादा लिहितो. प्राणवायूचा अंशदाब (मिश्रणातल्या एकट्या प्राणवायूचा दाब) 1.4 बारच्या आत ठेवायचा, म्हणजे सुमारे 33 मीटर खोली. डोनाल्डच्या त्या माणसाची 7 मिनिटे मात्र या आकड्यात कुठेच दिसत नाहीत.