निर्दोषालाही भीती का वाटावी

‘ज्याच्या मनात चोर नाही, त्याने कॅमेऱ्याला का भ्यावे?’ अहिल्यानगर जिल्ह्यात हा सवाल आता सर्रास केला जातो आणि पाठोपाठ शिर्डीच्या गर्दीचा दाखला येतो. दाखला पोकळ नाही. चुकलेले मूल शोधायला, पाकीटमार धरायला कॅमेरा उपयोगी पडतोच. पण कॅमेऱ्याने दाखवणे वेगळे आणि यंत्राने संशयित ठरवणे वेगळे. माझा आक्षेप दुसऱ्याला आहे.

हिशेबच मांडू. उत्सवाच्या दिवशी एक लाख भाविक आले, त्यांत पोलिसांना हवे असलेले २० जण आहेत, आणि चेहरा ओळखणारे यंत्र हजारात एकदाच चुकते, असे धरू. ते वीसही सापडले, तरी त्यांच्याबरोबर सुमारे १०० निरपराध माणसे रांगेतून बाजूला काढली जातील. सहा इशाऱ्यांतले पाच खोटे, आणि तेही इतके चांगले यंत्र असताना! दिल्ली पोलिसांनी तर माहिती अधिकारात ८० टक्के साम्य म्हणजे ओळख पटली, असे उत्तर दिले होते.

शिवाय चेहरा ज्या यादीशी ताडायचा, ती आली कुठून? १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९११मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि फासेपारध्यांसारख्या जमाती जन्मतःच संशयित ठरल्या. बोटांचे ठसे, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायचे तर पास. १९५२मध्ये कायदा गेला, संशय गेला नाही. कर्जत-जामखेडकडच्या पारधी पालांना विचारा: चोरी कुठेही होवो, पोलिसांची गाडी आधी कुठे थांबते? जिथे झडती जास्त तिथे अटक जास्त, आणि जिथे अटक जास्त तिथे नोंद जास्त. अशा नोंदींवर शिकलेले यंत्र तोच पूर्वग्रह गणित म्हणून परत देणार. राज्याने २०२४मध्ये पोलिसांसाठी ‘मार्व्हल’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी काढली. गुन्ह्यांचा अंदाज बांधणे हे तिच्या कामांपैकी एक. म्हणून ही शंका आजची आहे.

कायदा आहे ना, असे कोणी म्हणेल. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, हे खरे. पण २०२३च्या विदा संरक्षण कायद्यातल्या कलम १७ने केंद्राला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा ठेवली, आणि २०२२च्या ओळख कायद्याने गोळा केलेली मापे ७५ वर्षे जपून ठेवता येतात. पारध्याच्या पोराची एक चुकीची नोंद त्याच्या म्हातारपणापर्यंत पुरेल.

तेव्हा असे यंत्र बसवण्याआधी यादीत नाव कशाने चढते, ते कोण आणि किती दिवसांत पुसते, आणि चुकीने अडवलेल्याने दाद कोणाकडे मागायची, हे जिल्हा पोलिसांनी मराठीत लेखी जाहीर करावे.