मूठ, छटाक आणि ग्रॅम : लसणीच्या मापाची गोष्ट

लसूण चारशे रुपये किलोवर गेली होती, तो हिवाळा तुम्हाला आठवत असेल. आमच्या गटाकडे तेव्हा लसूण-खोबऱ्याच्या चटणीची मागणी होती. ताजी लसूण परवडेना, म्हणून आम्ही लसूण पावडर आणली. अर्धा किलो लसणीच्या जागी अर्धा किलो पावडर घातली, तीही गरम खोबऱ्यावर. चटणी इतकी उग्र आणि कडवट झाली की सगळा घाणा वाया गेला. चुकलं कुठं, हे विचारायला आम्ही घरातल्या आज्यांपाशी बसलो आणि मापांचा सगळा इतिहासच निघाला.

आज्या लसूण तोलत नव्हत्या. फोडणीला चार पाकळ्या, ठेच्याला एक गड्डा, चटणीला मूठभर. धान्य मोजायला भांडी होती : दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. बाजारातलं वजन वेगळं. पाच तोळ्यांचा छटाक, सोळा छटाकांचा शेर, म्हणजे आजचे सुमारे ९३३ ग्रॅम. शेर भांड्यालाही म्हणत आणि वजनालाही. कुठला शेर कशाला, हे बाईला पक्कं ठाऊक असावं लागे.

१९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्यानं आले आणि १९६२ मध्ये जुनी वजनं व्यवहारातून बाद झाली. दुकानदाराला नवी वजनं मिळाली, पण घरात शेराचा किलो बायकांनी मनातल्या मनात केला. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं. त्यात वाटी-चमच्याची मापं होती. घरात काटा नसलेल्या नव्या सुनेलाही ती कळली.

वाळवण आपल्याला नवं नाही. पण दुसऱ्या महायुद्धात सैन्याला भाजी पाठवताना वजन आणि जागा वाचावी म्हणून भाज्या वाळवण्याचे कारखाने वाढले. आज गुजरातेत महुव्याला कांदा-लसूण वाळवण्याचे कारखाने आहेत. लसणीची पावडर अशी कारखान्यातून आपल्या डब्यात आली, पण तिचं माप सांगणारी आजी सोबत आली नाही. आमची चूक तिथंच झाली.

ताज्या लसणीत निम्म्याहून जास्त पाणी असतं. एक किलो सोललेली लसूण वाळली की साधारण ३५० ते ४०० ग्रॅम उरते. म्हणून आता आम्ही १०० ग्रॅम सोललेल्या लसणीला २५ ग्रॅम पावडरीनं सुरुवात करतो, चव बघतो आणि ३५ च्या पुढे जात नाही. पावडर गरम तेलात किंवा गरम खोबऱ्यात टाकली तर लगेच करपते आणि कडू होते, म्हणून ती सगळं गार झाल्यावर शेवटी घालतो. विकतच्या पेस्टमध्ये मीठ, पाणी, कधी तेलही असतं. पाकिटावर जो घटक आधी छापलेला, तो वजनानं जास्त, हे लक्षात ठेवायचं आणि चटणीतलं मीठ तेवढं कमी करायचं. आपण लसणीऐवजी पावडर वापरली, तर आपल्या पाकिटावरही तसंच छापायचं. गिऱ्हाइकाला फसवायचं नाही.

आणि पाकळ्या मोजून घाऊक माल करायचा नाही. गावरान पाकळी एक-दोन ग्रॅमची, मोठ्या जातीची चार-पाच ग्रॅमची. दहा पाकळ्या म्हणजे कधी १५ ग्रॅम, कधी ५०.

शेवटी आम्ही गटातल्या सर्वांत थोरल्या काकूंना काट्याजवळ बसवलं. “काकू, तुमची चटणीची मूठ टाका बरं.” त्यांनी सोललेली लसूण तीनदा टाकली. ५८, ६१, ६० ग्रॅम. छटाक म्हणजे ५८ ग्रॅम! काकूंची मूठ अंदाजाची नव्हती, सरावानं पक्की झालेलं वजन होतं. फक्त ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

आता ते आमच्या वहीत आहे. घरातल्या थोरल्या बाईची मूठ तुम्हीही काट्यावर ठेवून बघा. आकडा लिहा, आणि त्यापुढे तिचं नावही लिहा. माल तिच्या हातच्या चवीनं विकला जातो, मग वहीत ती असायलाच हवी.